दोन हिसके

होडीवर माझं काम नळीचं.
कॉम्प्रेसर धडधडत असतो, पिवळी नळी उतरत जाते,
तिच्या त्या टोकाला बाबा,
अठरा मीटर खाली, खडकाला चिकटलेले शिंपले उचकटत.
एक हिसका: ठीक आहे.
दोन: नळी सोड अजून.
तीन: ओढ मला वर.
आमच्या दोघांत शब्द असे कमीच लागतात.

म्हणून उशिरा कळलं.
जेवताना आई मीठ मागायची, ते बटाटे पुढे सरकवायचे.
उजव्या बाजूच्या अभ्र्यावर पिवळट डाग, आंबूस वास.
आई अभ्रा उकळत्या पाण्यात टाकायची
आणि काडीने ढवळत राहायची, उगाच, बराच वेळ.
एका हिवाळ्यात चार वेळा कान फुटला.
चारही वेळा त्यांनी कोमट तेल घातलं
आणि कानाडोळा केला.

कास्त्रोच्या इस्पितळात डॉक्टर इव्हेत कार्कामोनं
आधी तेलाबद्दल झापलं, मग पडदा आमच्याकडे वळवला.
गुलाबी बोगदा. त्यात तीन उंचवटे,
कातडी ताणून बसलेले, गुळगुळीत, पांढुरके.
मधे शितभर फट.

"म्हणजे... गाठ?" आई म्हणाली.
तिला दुसराच शब्द विचारायचा होता.
"हाड आहे. त्यांचं स्वतःचं. कॅन्सर नाही.
किती वर्षं पाण्यात?"
"एकतीस," मी म्हणाले, कारण त्यांना ऐकू गेलं नव्हतं.
एकतीस वर्षं ते गार पाणी कानात शिरत राहिलं
आणि हाड आतल्या आत, कुणाला न विचारता,
थोडं थोडं दार लोटून घेत राहिलं.

"डावा निम्मा उघडा आहे, त्याला मी हात लावणार नाही.
अधूनमधून इथे येऊन साफ करून घ्या.
कोरडा ठेवा. फुटला तरच थेंब. डोक्याला जाड रबरी टोपी.
बोळे नकोत. ते लाटांवर खेळणाऱ्या पोरांचे;
तुमच्या खोलीवर पाणीच बोळा आत ठोकेल.
उजव्याचं मात्र औषधानं भागायचं नाही आता.
मळ अडकतो, पाणी अडकतं, ऐकू येणं खाली आलंय.
हाड कोरून काढावं लागेल.
जवळून चेहऱ्याची नस जाते, पलीकडे पडदा आहे,
मी जपून करेन, पण धोका नाही असं म्हणणार नाही.
नंतर दोन महिने पाण्यात उतरायचं नाही."

तासभर भिंतीशी बोलावं तसं चाललेलं,
हे एकच वाक्य त्यांना लख्ख ऐकू आलं.
"नाही केलं तर?"
"मरणार नाही तुम्ही."
त्यांचा चेहरा खुलला.
"फक्त कान फुटत राहील. आणि या दोघी ओरडत राहतील."
"आणि करून परत बुडी मारली तर?"
"परत वाढू शकतं. वर्षं लागतात त्याला."
"मग मीच आधी संपेन," म्हणाले, आणि एकटेच हसले.

केयोनला परतताना बसमध्ये
मी चुकून त्यांच्या उजवीकडे बसले.
अर्धा रस्ता हप्ते, हंगाम, मामाचा मुलगा दोन महिने बुड्या मारेल का,
सगळं समजावून सांगितलं.
ते खिडकीबाहेर बघत होते.
या कानाने ऐकून त्या कानाने सोडायलाही
आधी एका कानात शिरावं लागतं.
थांब्यावर उतरून मी पलीकडे गेले.
पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

ऑगस्टमध्ये, हिरव्या झग्यात,
चाकांच्या खाटेवर ते फार लहान दिसत होते.
नर्सनं कठडा वर केला.
त्यांनी माझी बाही पकडली.
मी हिसके मोजले. एक. दोन.
तिसऱ्याची वाट पाहिली.
मग सोडली बाही.

ऑक्टोबरच्या शेवटी पुन्हा होडी.
पाणी शिशासारखं. नवी टोपी, तिला ते शिव्या देत होते.
मी कॉम्प्रेसर सुरू केला
आणि ते दचकून मागे वळले.
"हा एवढा ओरडतो?"
टोपी हातातच राहिली.
"आणि तू रोज याच्या शेजारी बसतेस?"

"काय?" मी म्हणाले.